वारसा उलटा चालतो तेव्हा: क्राकोवच्या ज्यू समाजकेंद्राचं प्रकरण

आमच्या उपनगरात एक दुमजली इमारत आहे. खाली बालवाडी, वर ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र. उद्घाटनाच्या दिवशी ‘सर्व वयोगटांसाठी’ अशी पाटी लागली, ती अजून आहे. इतक्या वर्षांत वरचे आजोबा आणि खालची पोरं यांची गाठ पडली ती फक्त जिन्यात, तीही ‘अरे हळू, हळू’ एवढ्यापुरती. लिफ्ट मंजूर झाली होती, ती आलीच नाही; पण तो वेगळा विषय. तिथलं वेळापत्रक आखणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे ही तक्रार निम्मी स्वतःविरुद्धच आहे. वेळापत्रकात सगळी वयं होती. एकमेकांच्या वाटेला मात्र कुणी जात नव्हतं.

म्हणून पोलंडमधल्या क्राकोव शहराच्या ज्यू कम्युनिटी सेंटरचं प्रकरण मी जरा हट्टाने समजून घेतलं. तिथला पेच आमच्यापेक्षा फार खोल होता. आमच्याकडे तिन्ही पिढ्या होत्या, फक्त भेटत नव्हत्या. तिथे मधल्या पिढीतल्या कित्येकांना आपण या समाजाचे आहोत हेच ठाऊक नव्हतं.

मधाच्या रस्त्यावर

क्राकोवच्या काझिमेझ भागात म्योडोवा नावाचा रस्ता आहे. म्योडोवा म्हणजे मधाचा. तिथे २४ क्रमांकाच्या आवारात टेम्पल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे, १८६० ते १८६२ या काळात बांधलेलं, आतून सोनेरी नक्षीने भरलेलं. त्याच आवारात एक नवी, साधी इमारत आहे. तेच हे केंद्र. सगळे त्याला नुसतं ‘जेसीसी’ म्हणतात.

त्याचा उगम थोडा अनपेक्षित आहे. २००२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स क्राकोवला आले आणि नाझींच्या नरसंहारातून वाचलेल्या तिथल्या वृद्ध ज्यूंना भेटले. या माणसांना चार घटका एकत्र बसायला हक्काची जागा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली. त्यांनी ‘वर्ल्ड ज्यूइश रिलीफ’ या ब्रिटिश संस्थेकडे विषय काढला. तिच्या जोडीला आली ‘जॉइंट’, म्हणजे १९१४ पासून जगभर मदतकार्य करणारी अमेरिकन ज्यूंची संस्था, जिचं नाव मुंबईतल्या बेने इस्रायल ज्यूंनाही परिचयाचं आहे. २९ एप्रिल २००८ रोजी चार्ल्स यांनीच येऊन उद्घाटन केलं आणि दारावर मेझुझा बसवायलाही हात लावला. मेझुझा म्हणजे चौकटीवर तिरपी ठोकलेली छोटी डबी, जिच्यात तोरा या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते.

मूळ मागणी वृद्धांसाठीच्या जागेची होती, हे लक्षात ठेवायला हवं. पुढचं सगळं प्रकरण या एका मुद्द्याभोवती फिरतं.

अमेरिकेत ज्यू समाजकेंद्र ही जुनी, रुळलेली गोष्ट आहे. तिचं मूळ १८५४ मध्ये बाल्टिमोरला निघालेल्या तरुणांच्या वाङ्मय मंडळापर्यंत नेतात. आपला जिमखाना, बालवाडी, ग्रंथालय, विरंगुळा केंद्र आणि देवळाचा सभामंडप एका छपराखाली आणला तर जे होईल, ते साधारण तिथलं जेसीसी. सकाळी पोहण्याच्या तलावात आजीबाईंचा व्यायाम, दुपारी शाळा सुटलेली मुलं, उन्हाळ्यात दिवसभराचं शिबिर, संध्याकाळी व्याख्यान. पण त्या साच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घरात आजी आहे, आई आहे, नात आहे आणि तिघींनाही आपण कोण ते ठाऊक आहे. केंद्राने फक्त वेळा ठरवायच्या.

क्राकोवमध्ये हे गृहीतच मोडलेलं होतं.

साठ हजारांनंतर

काझिमेझ हे राजा काझिमेझने १३३५ मध्ये वसवलेलं वेगळं गाव. १४९५ मध्ये क्राकोवच्या ज्यूंना तिथे हलवण्यात आलं आणि पुढच्या शतकांत ते युरोपातल्या ज्यू विद्वत्तेचं मोठं ठाणं झालं. मोशे इस्सर्लिस, म्हणजे ‘रेमा’, सोळाव्या शतकात इथलेच. ज्यू आचारधर्माच्या ‘शुल्हान आरुख’ या ग्रंथाला त्यांनी जोडलेल्या टिपा आजही प्रमाण मानल्या जातात. त्यांच्या नावाचं रेमू सिनेगॉग आणि त्यामागची स्मशानभूमी म्योडोवापासून चालत काही मिनिटांवर आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा शहरात साठ हजारांहून जास्त ज्यू होते, म्हणजे जवळपास दर चौथा माणूस. मार्च १९४१ मध्ये त्यांना नदीपलीकडच्या पोदगुझेत कोंडण्यात आलं. पुढच्या वर्षी बेल्झेत्सच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटल्या. १३ आणि १४ मार्च १९४३ या दोन दिवसांत ती वस्ती रिकामी केली: धडधाकट प्वाशूवच्या छावणीत, बरेचसे ऑश्विट्झला, कित्येक जागच्या जागी रस्त्यावर ठार.

इथपर्यंतचा इतिहास बहुतेकांना ढोबळमानाने ठाऊक असतो. समाजकेंद्राच्या दृष्टीने कळीचा भाग त्यानंतर सुरू होतो. वाचून परतलेल्यांना गावात घर राहिलेलं नव्हतं, आणि असलंच तर त्यात दुसरं कुणी राहत होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये खुद्द क्राकोवमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. जुलै १९४६ मध्ये किएल्त्सेला जमावाने ४२ जण मारले. पुष्कळांनी देश सोडला. १९६८ मध्ये साम्यवादी सरकारने ‘झायोनिस्टविरोधी’, म्हणजे नावाला इस्रायल-समर्थकांविरुद्धची, मोहीम काढली, नोकऱ्या गेल्या, आणखी तेरा हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. जे राहिले त्यांच्यातल्या अनेकांनी एकच उपाय केला: बोलायचं नाही. युद्धात खोट्या कागदपत्रांवर घेतलेलं पोलिश नाव तसंच ठेवायचं, मुलांचा बाप्तिस्मा करायचा, नाताळच्या आदल्या रात्री इतरांसारखा कार्प मासा रांधायचा. गंमत अशी की त्या माशाचा मनुके-बदाम घातलेला, गोडसर एक प्रकार पोलिश कॅथलिक घरांतही ‘ज्यू पद्धतीचा कार्प’ या नावाने ओळखला जातो. माणसं गप्प झाली तरी पाककृतीचं नाव राहिलं.

मग मरणाला टेकलेली एखादी बाब्चा, म्हणजे आजी, नातीचा हात धरून सांगते. किंवा वडील गेल्यावर कपाटातून वेगळ्याच आडनावाचा जन्मदाखला निघतो. क्राकोवमध्ये अशा कहाण्या पुन्हा पुन्हा ऐकू येतात. साम्यवाद १९८९ मध्ये कोसळल्यावर त्यांना हळूहळू वाट फुटली.

मराठी वाचकाला इथे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांची आठवण व्हावी, पण ती उलट अर्थाने. परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून हा समाज वाढला. कित्येक शतकं त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, बरेच विधी विसरले गेले. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून अवघा गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखत होता. तिथे ज्ञान हरवलं, ओळख शाबूत राहिली. कुणापासून लपायची वेळच आली नाही. क्राकोवमध्ये ग्रंथ होते, सिनेगॉगं होती, थडगी होती. हरवली होती ती ‘मी’ म्हणायची सोय.

दोन प्रकारची माणसं, एकच दार

केंद्र उघडलं तेव्हा दारात साधारण दोन प्रकारची माणसं आली. एक, वृद्ध. छावणीतून किंवा लपूनछपून वाचलेली, बालपणीचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, आठवणारी, पण साठ वर्षं त्यावर अवाक्षर न काढलेली. दुसरी, विशी-तिशीतली मुलं. यांना काहीच आठवत नव्हतं, कारण त्यांना काही दिलंच गेलं नव्हतं, पण बोलायची भीती मात्र अजिबात नव्हती. मधले, पन्नाशीच्या आसपासचे, जवळपास नव्हतेच. भीती आईबापांकडून आलेली, आठवण नाही. सगळ्यांत जड ओझं त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

अशा वेळी ‘ज्येष्ठांसाठी जागा’ एवढंच करून थांबणं सोपं होतं. मागणीही तीच होती आणि देणगीदारांनाही ते पटलं असतं. वृद्धांना गरम जेवण, डॉक्टर, पत्त्यांचा डाव. वीस वर्षांनी शेवटचा सभासद गेला की कुलूप. मदतकार्य म्हणून त्यात काही गैर नाही. पण केंद्र पहिल्यापासून सगळ्यांसाठी उघडलं गेलं आणि संचालक म्हणून आले जोनाथन ऑर्नस्टाइन. जन्म न्यूयॉर्कचा, मग इस्रायल, तिथल्या सैन्यात नोकरी, २००१ पासून मुक्काम क्राकोव. बाहेरचा माणूस असण्याचा इथे फायदाच झाला असावा असं मला वाटतं. कुठल्या घरात काय बोलायचं नसतं, याचे संस्कार त्यांच्यावर झालेले नव्हते.

पहिला खरा निर्णय सभासदत्वाचा. ज्यू आचारधर्माप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. इस्रायलच्या परतीच्या कायद्यात १९७० पासून तिथे स्थायिक व्हायला एक आजी किंवा आजोबा ज्यू असले तरी पुरतं. क्राकोवमध्ये आईची बाजू धरून बसलं असतं तर दारातली निम्मी माणसं परत गेली असती. केंद्राने ज्यू मुळं असलेल्या प्रत्येकाला आत घेतलं. धर्माचा निवाडा हा रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, विषय, आमचा नव्हे, अशी साधारण भूमिका. शहरात धार्मिक ज्यू मंडळ, ज्याला तिथे ‘ग्मिना’ म्हणतात, आधीपासून होतंच. त्याचे नियम त्याच्याजवळ राहिले.

हा प्रश्न वरवर नोंदणीच्या अर्जाचा वाटतो, पण त्याने माणसं किती दुखावतात हे आपल्या बेने इस्रायलांना विचारावं. इस्रायलला गेल्यावर साठच्या दशकात तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांच्या लग्नांसाठी वेगळी चौकशी लावली. रायगडातल्या खेड्यांची नावं आडनावात घेऊन आलेल्या या माणसांना जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तो भेद मागे घेतला गेला. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्यांची ही गत, तर काल-परवा आजीचं नाव कळलेल्या पोराने कोणता दाखला आणायचा?

वेळापत्रकात काय होतं

कार्यक्रमांची यादी वाचली तर नवल वाटण्यासारखं काही नाही. हिब्रूचे वर्ग, यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेचे वर्ग, योग, गायनवृंद, ज्येष्ठांचा क्लब, विद्यार्थ्यांचा क्लब, मुलांची रविवारची शाळा, सणवार, व्याख्यानं. आमच्या वेळापत्रकात फार तर यिद्दिश नव्हती.

फरक यादीत नाही, ती कशी वाहते त्यात आहे. चालत्या घरात वारसा वरून खाली येतो: आजी मेणबत्त्या लावते, आई बघते, नात शिकते. इथे प्रवाह उलटा. विद्यापीठात शिकणारी नात आधी केंद्रात येते, इथे शब्बाथचे आशीर्वाद शिकते, घरी जाऊन आईला सांगते आणि मग कधीतरी आजीला घेऊन येते. आजीला ते सूर आठवत असतात. पण तिने ते नातीला शिकवलेले नसतात. नातीने आजीला परत आणून दिलेले असतात. म्हणून विद्यार्थ्यांचा क्लब हा इथे तरुणांसाठीचा एक कप्पा नव्हता, तो घरात शिरायचा दरवाजा होता.

लहानग्यांचं पुढे सुरू झालं. ‘फ्रायदा’ नावाची बालवाडी निघाली. पोलिशमध्ये या शब्दाचा अर्थ मजा, आनंद, आणि यिद्दिशमधल्या आनंदाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. मराठी कानाला तो ‘फायदा’ ऐकू येतो, आणि फायदा होताही. मूल बालवाडीत घातलं की आईबापांना रोज दोनदा दारात यावंच लागतं. व्याख्यानाला ज्यांना कुणी ओढून आणलं नसतं, ते मुलाचे बूट शोधत आत उभे राहतात. पुरीमचा सण आला की पोर मुकुट घालून घरी जातं आणि विचारतं, एस्तेर राणी कोण? आता उत्तर शोधायला आईला पुस्तक उघडावं लागतं. पन्नाशीचे हाताला लागले नाहीत, पण तिशीचे आईबाप असे सापडले.

मूठभर मुलं असली की वयोगट पाडता येत नाहीत, हीही एक गोष्ट. मोठ्या केंद्रात तीन ते चारचा वर्ग वेगळा, पाच ते सहाचा वेगळा. छोट्या समाजात थोरला धाकट्याला अक्षरं दाखवतो, कारण तिसरं कुणी नसतं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला उणीव म्हणतील. मी नाही म्हणणार.

आणखी एक खिडकी सतत उघडी असते: मूळ शोधणाऱ्यांची. कुणी आजीचा फोटो घेऊन येतं, कुणी फक्त आडनाव. पोलंडच्या सरकारी दफ्तरखान्यांत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आहेत, वॉर्सात ज्यू इतिहास संस्थेचा वंशावळीचा स्वतंत्र विभाग आहे. कोणता कागद कुठे मिळेल हे सांगणारा माणूस लागतो. आणि कागद मिळाल्यावर तो हातात धरून बसलेल्या माणसाजवळ बसणारा माणूसही लागतो. दुसरं काम कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

शुक्रवारचं टेबल

मला विचाराल तर या केंद्राचा मुख्य कार्यक्रम एकच आहे, बाकी सगळे त्याच्या भोवतीचे. शुक्रवारच्या रात्रीचं जेवण.

लांब टेबलं जोडलेली. दोन हाल्ला, म्हणजे वेणीसारखे गुंफलेले पाव, कापडाखाली झाकलेले. दोन का, तर वाळवंटात शब्बाथच्या आदल्या दिवशी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून धाडलेलं अन्न, दुप्पट मिळाला त्याची आठवण. मेणबत्त्या सूर्यास्ताआधी लागलेल्या. क्राकोवला डिसेंबरात साडेतीन-पावणेचारलाच अंधारतं, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ‘शुक्रवार संध्याकाळ’ ही वेळ वर्षभर सरकत राहते. ‘शालोम अलेइखेम’चं गाणं. मग वाइनच्या पेल्यावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, हात धुणं, पावावरचा आशीर्वाद, मीठ, आणि एकेक तुकडा टेबलभर फिरतो.

हे करताना कोण कुठे बसतं, ते बघण्यासारखं आहे. छावणीतून वाचलेले वृद्ध वेगळ्या टेबलावर नाहीत. शेजारी एखादा विद्यार्थी, पलीकडे परदेशातून आलेलं पाहुणं जोडपं, वाढायला उभे राहिलेले स्वयंसेवक. या स्वयंसेवकांतले बहुतेक ज्यू नाहीतच. क्राकोवची साधी पोलिश मुलंमुली आहेत, काही यागिलोनियन विद्यापीठात ज्यू इतिहास-संस्कृती शिकणारी. त्यांच्यातल्या कुणाला किद्दूशचे हिब्रू शब्द तोंडपाठ असतात आणि शेजारचा सभासद अजून कागदावर बोट ठेवून वाचत असतो. यात कुणालाच ओशाळं वाटू नये, हीच त्या जेवणाची सगळी कारागिरी.

ज्याला काही येत नाही त्याला वर्गात बसवलं तर आपल्याला येत नाही हे त्याला आधी कबूल करावं लागतं. टेबलावर तशी वेळ येत नाही. पाव पुढे आला की घ्यायचा. आमच्या विरंगुळा केंद्रात आम्ही ‘आंतरपिढी संवाद’ नावाचा उपक्रम दोनदा केला. खुर्च्या समोरासमोर मांडल्या, माइक ठेवला. आजोबांनी भाषणं केली, पोरं मोबाइलमध्ये शिरली. जेवण ठेवायचं कुणाला सुचलं नाही. खर्चाला मंजुरी लागते.

ऑश्विट्झकडे पाठ करून

क्राकोवला येणारे बहुसंख्य परदेशी ज्यू ऑश्विट्झसाठी येतात. सकाळी बस, संध्याकाळी परत, दुसऱ्या दिवशी विमान. तिथे साधारण अकरा लाख माणसं मारली गेली, त्यांतली सुमारे दहा लाख ज्यू. ते बघून आलेल्या माणसाला काझिमेझ म्हणजे थडग्यांचं गाव वाटतं. त्यात शहराच्या बाजारात दाढीवाल्या ज्यूची, हातात नाणं धरलेली लाकडी बाहुली विकायला असते. अशा ज्यूची तसबीर घरात टांगली की पैसा येतो, आणि शनिवारी ती उलटी केली की त्याच्या खिशातला पैसा घरात सांडतो, असा तिथला लोकसमज. हा सन्मान की टवाळी, यावर शहरात बराच वाद झाला. काही असो, स्वतःच्या गल्लीत स्वतःची बाहुली विकली जाताना बघणाऱ्या माणसाला जिवंत असल्याचं वेगळं सांगावं लागतं.

२०१४ पासून केंद्र एक सायकलफेरी काढतं, ‘राइड फॉर द लिव्हिंग’. ऑश्विट्झ छावणीच्या बिर्केनाऊ भागाच्या फाटकापासून निघायचं आणि नव्वदेक किलोमीटर पायडल मारत म्योडोवा रस्त्यावर केंद्राच्या आवारात यायचं. नेहमीचा प्रवास शहरातून छावणीकडे. हा छावणीकडून शहराकडे. पहिल्या वर्षी मूठभर लोक होते, पुढे शेकड्यांनी येऊ लागले. सुरुवातीच्या एका फेरीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. जानेवारी १९४५ मध्ये, दहा वर्षांचे असताना, ते हाच रस्ता आईबापांना शोधत पायी चालून आले होते. या वेळी सोबत मुलगा आणि नाती. फेरीला जमणारा पैसा केंद्राच्या कामांना जातो. त्यातूनच इथल्या वाचलेल्या वृद्धांना इस्रायलची सहलही घडली.

दिशा बदलण्याची ही कल्पना मला फार हुशारीची वाटते, पण तिच्यात एक टोचणीही आहे. पैसा बाहेरचा. सभासद मोजकेच, तेही मध्यमवर्गीय पोलिश पगारांवर जगणारे. वर्गणीतून एवढी इमारत चालत नाही. म्हणजे अमेरिका-ब्रिटनच्या देणगीदारांना हे काम सतत दाखवावं लागतं. शुक्रवारच्या टेबलावर पाहुण्यांचा मोठा गट बसला की सभासद नकळत नमुना होतो: ‘सांगा ना, तुम्हाला कधी कळलं?’ हा प्रश्न दहाव्यांदा ऐकणाऱ्या मुलीची मला काळजी वाटते. पाहुण्यांशिवाय पैसा नाही, आणि पाहुण्यांपुढे घर पूर्ण घर राहत नाही. केंद्राने यावर काही जादू केलेली नाही. कुणीच करू शकलेलं नाही. आपल्या आश्रमशाळांत देणगीदार आले की मुलांना स्वागतगीत म्हणायला उभं करतात, ते काय वेगळं आहे?

फेब्रुवारी २०२२

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि काही दिवसांत क्राकोवच्या रेल्वे स्थानकावर बायका-मुलांचे लोंढे उतरले. पुरुष मागे राहिलेले. कोल्हापूरकरांना हे चित्र वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे: १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, सैबेरियातून इराणमार्गे आलेले, त्यांतही बायका आणि मुलंच फार. तेव्हा पोलिश लोक दार शोधत होते, आता त्यांच्या दारात दुसरे उभे होते.

केंद्राने काय केलं? आपलं सगळं वेळापत्रक बाजूला सारलं. तळमजल्यावर लंगोट, साबण, डबाबंद अन्न, अंथरूण-पांघरूण यांचे ढीग, बाहेर रांग. पैसे न घेता वाटप, मुलांना दिवसभर सांभाळायची सोय, मानसोपचारतज्ज्ञ, भाषेची मदत, राहायची व्यवस्था. पुढच्या महिन्या-वर्षांत मदत मिळालेल्यांचा आकडा लाखांत गेला. त्यांतले बहुसंख्य ज्यू नव्हते. इतिहास आठवणाऱ्याला हेही आठवेल की युक्रेनच्या मातीवर ज्यूंचं जे झालं त्यात स्थानिकांचेही हात होते. तरी रांगेत कुणाला आजोबांचं नाव विचारलं गेलं नाही.

प्रकरण म्हणून बघताना मला इथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. हे काम वयांच्या कप्प्यांत चालणाऱ्या संस्थेला इतक्या झटकन जमलं नसतं. इथे स्वयंपाकघराला शंभर माणसांची सवय होती, स्वयंसेवकांना कुणाशीही बोलायची सवय होती, बालवाडीला आईच्या डोळ्यांतलं पाणी नवीन नव्हतं. आणि वृद्ध सभासदांतले अनेक स्वतः कधीतरी गाठोडं घेऊन कुणाच्या तरी दारात उभे राहिलेले होते. चौदा वर्षं मदत घेणारे म्हणून ज्यांची नोंद होती, ते यजमानांच्या बाजूला आले.

कुठे अडलं

पन्नाशी-साठीच्या सभासदांचा प्रश्न सुटलेला नाही. त्यांच्यासाठी खास काही काढलं की त्यांना कुणी तरी आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. नाही काढलं तर ते येत नाहीत. नात आणि आजी एका टेबलावर, आणि मधली आई पार्किंगमध्ये गाडीत थांबलेली, हे चित्र मला या सगळ्यात सर्वांत खरं वाटतं.

दुसरं, साधा हिशोब. १९४५ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल २००८ मध्ये त्र्याहत्तरचं होतं, जिने चढत होतं. २०२५ मध्ये ते नव्वदचं. ज्यांच्यासाठी ही जागा मागितली गेली, ती टेबलाची बाजू दरवर्षी आखूड होतेय.

२७ जानेवारी २०२५ रोजी, ऑश्विट्झच्या मुक्ततेला ८० वर्षं झाली त्या दिवशी, चार्ल्स पुन्हा म्योडोवा रस्त्यावर आले, आता राजा म्हणून. २००२ मध्ये ते वृद्धांना भेटले होते. या वेळी त्यांच्या आजूबाजूला वृद्ध होते, तसेच स्वयंसेवक होते, तरुण सभासद होते. मेझुझा त्याच चौकटीवर होती, जिच्याखालून रोज दोनदा कुणीतरी आई मुलाचा एक बूट हातात घेऊन आत-बाहेर करते.